राज्यशास्त्र महाग पडलं की फी?

पत्र तासगाव तालुक्यातल्या एका २५ वर्षांच्या मुलीचं आहे. तिने सांगलीच्या कॉलेजातून राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलं आणि २०२२ मध्ये पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात त्याच विषयाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. दोन वर्षांची फी आणि हॉस्टेल मिळून सरकारी बँकेचं सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज झालं, साडेदहा टक्क्यांनी. सहकर्जदार वडील. या जुलैपासून दरमहा १०,२२१ रुपयांचा हप्ता सुरू झाला. ती सांगलीत विश्रामबागेतल्या एका पतसंस्थेत १५ हजारांवर काम करते आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी एका भरती अकादमीत राज्यघटना शिकवून पाच हजार मिळवते. पहिले तीन हप्ते वडिलांनी भरले. मग छाटणीनंतर पाऊस लागून राहिला, द्राक्षाचे निम्मे घड कुजले आणि चौथा हप्ता थकला. त्याला चाळीस दिवस झाले, पाचवाही मागे आहे. बँकेचा माणूस घरी येऊन गेल्यापासून 'रान जाणार', म्हणजे शेतजमीन हातची जाणार, या धास्तीने वडिलांना झोप नाही. आयटीआय केलेला धाकटा भाऊ शिरवळच्या कंपनीत २२ हजार कमावतो, त्यामुळे चुलते येता-जाता विचारतात, "राज्यशास्त्र शिकून काय मिळवलंस?" तिच्यापुढे तीन वाटा आहेत. नोकरी सोडून दोन वर्षं पुण्यात राज्यसेवेची तयारी करायची, त्यासाठी खोलीच्या डिपॉझिटचे २५ हजार तिने साठवलेत. किंवा एका एजंटाच्या सांगण्यावरून रान तारण ठेवून इंग्लंडला २२ लाखांत आणखी एक मास्टर्स करायचं. किंवा आहे तिथेच राहायचं. घरात स्थळं बघणं सुरू आहे आणि 'कर्ज असलेली मुलगी कोण करणार' हे रोज कानावर पडतं. राज्यशास्त्राच्या पदवीधरांची कमाई आणि कर्ज सांगणारा एक व्हिडिओ बघून ती आणखी घाबरली आहे. तिचा प्रश्न एका ओळीचा आहे: "मी विषयच चुकीचा निवडला का?"

तू 'मला एकेरीच लिहा' म्हणाली आहेस, तर तसंच लिहिते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, पण आधी कॅलेंडर बघू. हप्ता थकून ९० दिवस झाले की बँकेला ते खातं एनपीएत, म्हणजे थकीत खात्यांच्या यादीत, टाकावं लागतं. त्यात शाखाधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न नसतो, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुझे चाळीस झाले, म्हणजे हातात पन्नास दिवस आहेत. खातं एनपीए व्हायच्या आधी गेलीस तर 'मुदत वाढवून द्या' असं समोरासमोर बोलता येतं. नंतर त्याच गोष्टीला वरच्या ऑफिसची मंजुरी लागते, आणि तुझ्याबरोबर वडिलांचाही सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत) आणखी खराब होतो, कारण सहकर्जदार म्हणून त्यांची सही आहे. उद्या बागेसाठी त्यांना एखाद्या बँकेत जायचं झालं तर हा डाग आधी पुढे येईल. म्हणून डिपॉझिटचे ते २५ हजार इथे घाल. दोन हप्त्यांचे २०,४४२ होतात, वर थोडा दंड. हे वाचून तुझ्या पोटात गोळा येईल, मला कळतं. डबा आणि एसटीच्या अर्ध्या तिकिटावर महिने काढून साठवलेले पैसे आहेत ते. पण आत्ता त्यांचं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे.

वडिलांच्या झोपेचं त्याहून सोपं आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका तारण मागत नाहीत, आणि तुझं कर्ज सहा लाखांचं आहे. म्हणजे बहुधा तुमचं रान या कर्जात गुंतलेलंच नाही. 'बहुधा' म्हणते, कारण कागद मी पाहिलेले नाहीत. तू दोन कागद काढ. एक मंजुरीपत्र, त्यात तारणाच्या जागी काय लिहिलंय ते वाच. दुसरा सातबारा, त्यातला 'इतर हक्क' हा रकाना बघ. विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा तिथे असेल, तो वेगळा. शैक्षणिक कर्जाचा नसेल तर तो उतारा वडिलांच्या हातात ठेव आणि त्यांना वाचून दाखव. तारण नसलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी बँकेला कोर्टात जावं लागतं. उद्या सकाळी कोणी येऊन बागेला कुलूप लावत नाही.

हे इतक्या बारकाईने लिहितेय, कारण बँकेतली सत्तावीस वर्षं मी कर्ज खात्यात काढली, निम्मी कराड-साताऱ्यात आणि निम्मी सांगली-मिरजेत. पोरांच्या शिक्षणाचे हप्ते भरायला सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी पैसे उचललेले बाप मी पाहिलेत. साडेदहा टक्के वर्षाच्या कर्जासाठी छत्तीस टक्के वर्षाचं कर्ज, आणि तेही जे रान कधी गहाणच नव्हतं ते वाचवायला. तुमच्या घरात हे व्हायला नको.

आता हप्ता. सहा लाखांचे साडेसात लाख कसे झाले, असं तू पत्रात दोनदा विचारलंस. पहिले तीन लाख २०२२ मध्ये उचलले, त्यावर तीन वर्षांचं सरळव्याज ९४,५०० रुपये. दुसरे तीन लाख २०२३ मध्ये, त्यावर दोन वर्षांचं ६३,०००. शिक्षणाची दोन वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नव्हता, पण व्याज चालू होतं. ते १,५७,५०० मुद्दलात मिळवून ७,५७,५०० वर हप्ता बसला. १०,२२१ हा आकडा दहा वर्षांच्या मुदतीचा आहे, मी मांडून पाहिला. पंधरा वर्षं मागितलीस तर हप्ता ८,३७३ वर येतो. वीस हजारांच्या कमाईत हा फरक मोठा आहे. महिन्याला १,८४८ रुपये मोकळे होतात.

तुझे भाऊ-चुलते म्हणतील की लांब मुदतीत व्याज जास्त जातं. बरोबर आहे. दहा वर्षांत एकूण सव्वाबारा लाख भरशील, पंधरा वर्षांत पंधरा लाखांच्या वर. पण पंधरा वर्षांची मुदत घेतली म्हणून पंधरा वर्षं भरायलाच हवं असं नाही. बदलत्या व्याजदराचं शैक्षणिक कर्ज आधी फेडलं तर बँकेला दंड लावता येत नाही. समज, पहिली तीन वर्षं तू ८,३७३ भरलेस आणि मग कमाई वाढल्यावर १२,५०० भरायला लागलीस, तर सगळं कर्ज सव्वानऊ वर्षांत फिटतं आणि एकूण रक्कम जवळजवळ दहा वर्षांच्या मुदतीइतकीच पडते. म्हणजे आत्ता श्वास घ्यायला जागा मिळते, आणि तिची फारशी वेगळी किंमत मोजावी लागत नाही. अट एकच, तीन वर्षांनंतर हप्ता खरंच वाढवायचा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे खात्याचा उतारा बघून खचणार नाहीस: पहिल्या ८,३७३ पैकी ६,६२८ रुपये नुसत्या व्याजात जातील. तीन वर्षांनी मुद्दल फक्त त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर हजारांनी कमी झालेलं दिसेल. त्यात तुझी काही चूक नसेल, हप्त्याचं गणितच तसं असतं.

बँकेत आणखी दोन गोष्टी विचार. मुलींना व्याजदरात अर्धा टक्का सवलत बऱ्याच सरकारी बँका देतात, ती तुझ्या खात्याला लागली आहे का? आणि बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत बेकारीच्या किंवा अपुऱ्या पगाराच्या काळात हप्त्यांना काही महिन्यांची सवलत देण्याची सोय आहे. ती द्यायलाच हवी असं बँकेवर बंधन नाही, पण लेखी मागितल्याशिवाय तर कोणीच देत नाही. आज ती वापरू नकोस, कारण त्या काळातही व्याज चढत राहतं. पण नोकरी गेली तर अशी एक खिडकी आहे, हे माहीत असू दे.

आता तुझा प्रश्न. विषय चुकला का?

तुझ्याबरोबर सांगलीत बी.ए. केलेल्या मैत्रिणींपैकी कोणी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्राचं एम.ए. केलं असेलच. तिने तोच विषय काही हजारांत शिकला. आज तीही कदाचित पंधरा-सोळा हजारांवरच असेल, पण तिच्या डोक्यावर हप्ता नाही. विषय तुमच्या दोघींचा सारखाच, मग फरक कशाने पडला? तू राज्यशास्त्र निवडलंस म्हणून अडकलेली नाहीस. सहा लाखांची फी त्या पदवीनंतर मिळू शकणाऱ्या पहिल्या पगाराशी कोणीच ताडून पाहिली नाही, म्हणून अडकली आहेस. ते ताडून पाहायला हवं होतं तुझ्या विद्यापीठाने, बँकेने, आम्ही. शैक्षणिक कर्जाच्या फायलीत शिक्षणानंतरच्या अपेक्षित उत्पन्नाचा एक रकाना असायचा. कितीतरी फायलींमध्ये मी तो अंदाजाने भरला आहे. समोर टापटीप बसलेली हुशार मुलगी आणि बाजूला टोपी हातात धरून बसलेले वडील, त्यांना 'नाही' म्हणवत नसे. एकवीस वर्षांच्या मुलीवर या चुकीचा सगळा भार टाकणं मला मान्य नाही, आणि तूही तो एकटीने घेऊ नकोस.

भावाशी तुलना सोडून दे असं मी म्हणणार नाही, कारण २२ हजार हे खरे पैसे आहेत आणि आयटीआयचा मुलगा वयाच्या विसाव्या वर्षी हाताला कौशल्य घेऊन उभा राहतो, त्याचा मान ठेवायला हवा. पण तुलना करायची तर पुरती कर. राज्यशास्त्राच्या पदवीला सुरुवातीला ठरलेली खुर्ची नसते. फिटरला कंपनी शोधत येते, राज्यशास्त्रवाल्याला स्वतःचं काम स्वतः जुळवावं लागतं, आणि बहुतेकांना त्या पदवीवर आणखी काहीतरी चढवावं लागतं. तुमच्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण १९३८ मध्ये इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले, आणि १९४१ मध्ये त्यांनी एलएल.बी. केलं. म्हणजे तेव्हाही या विषयाला कायद्याची जोड लागलीच. तुझ्या चुलत्यांना हे ऐकवायला हरकत नाही.

तू जो व्हिडिओ बघून घाबरलीस, त्यातले राज्यशास्त्राच्या पदवीधरांच्या कमाईचे आणि कर्जाचे आकडे अमेरिकेचे आहेत. तिथल्या शिक्षण खात्याची 'कॉलेज स्कोअरकार्ड' नावाची साइट आहे, त्यावर कॉलेजागणिक आणि विषयागणिक पदवीधरांची कमाई आणि कर्ज बघायला मिळतं. शिवाय तिथल्या सरकारी शैक्षणिक कर्जाचा हप्ता उत्पन्नाला जोडून घेता येतो, आणि सरकारी किंवा लोकसेवेच्या नोकरीत १२० हप्ते भरले की उरलेलं माफ होण्याची योजना आहे. आपला हप्ता पगार विचारत नाही. त्यामुळे डॉलरचे रुपये करून रात्री हिशेब मांडत बसू नकोस. त्या व्हिडिओतून घेण्यासारखं एवढंच, की तिथेही एकाच विषयाची कमाई कॉलेज बदललं की बदलते. आपल्याकडे एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या माहितीत संस्था पगाराचा आकडा देतात, पण तो सगळ्या विषयांचा मिळून, आणि ज्यांना नोकरी लागली त्यांचाच. ज्यांना लागली नाही ते त्यात नसतात.

राज्यसेवेकडे वळू. इथे मी तुला आडकाठी करणार नाही, उलट एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. लेखी १,७५० गुणांची, त्यात वैकल्पिक विषयाचे ५००, आणि वैकल्पिक विषयांत राज्यशास्त्र आहे. म्हणजे ज्या एम.ए.ला घरात बोल लावतात, तेच एम.ए. इथे ५०० गुणांना उपयोगी पडतं. पण त्यासाठी पुण्यात खोली घ्यायला हवी, हे मला पटत नाही. खोली, मेस, अभ्यासिका मिळून महिन्याचे दहा-बारा हजार, वर ८,३७३ चा हप्ता, आणि उत्पन्न शून्य. ते वीस हजार आणणार कोण? ज्यांचे निम्मे घड कुजलेत तेच. आणि तशा ओझ्याखाली अभ्यास होत नाही. पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये घरी 'झालं नाही' हे सांगता येत नाही म्हणून चौथ्या-पाचव्या वर्षी बसलेली मुलं आहेत. खुल्या गटाला वयाची अट ३८ आहे. त्याने धीर येतो, आणि त्यानेच वर्षं नकळत निघून जातात.

मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं: येत्या दोन पूर्व परीक्षा नोकरी करत, घरी राहून दिल्या असत्या. राज्यसेवेबरोबर गट-ब पदांची संयुक्त परीक्षाही, कारण सहायक कक्ष अधिकारी किंवा फौजदाराचं मूळ वेतनच ३८,६०० पासून सुरू होतं, महागाई भत्ता वर. पूर्व परीक्षा निघाली, तरच मुख्यच्या आधी तीन-चार महिने नोकरीतून बाहेर पडायचं, आणि त्या महिन्यांचे हप्ते आधी बाजूला काढून ठेवायचे. हप्ता कमी झाल्यावर जे १,८४८ मोकळे होतील, ते याच डब्यात टाक. दोन्ही पूर्व परीक्षा गेल्या तर थांबायचं. ही तारीख आज ठरव, आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेव. निकालाच्या दिवशी अशी तारीख कोणालाच ठरवता येत नाही. आणि गर्दी किती आहे तेही डोळ्यांसमोर असू दे: २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांहून जास्त अर्ज होते. या परीक्षांना बसायचं ते त्या गर्दीकडे बघत, हाताशी दुसरं काम ठेवून.

इंग्लंडचं मात्र नको. इथे मी 'तू विचार करून ठरव' असं गुळमुळीत लिहिणार नाही. २२ लाखांचा पंधरा वर्षांचा हप्ता आजच्या तुझ्या दराने २४ हजारांच्या वर जातो, तोही शिक्षणाच्या काळातलं व्याज न धरता, आणि आत्ताचा हप्ता त्याच्या शिवाय. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला तारण लागतं, म्हणजे ज्या भीतीने वडील आज जागे आहेत ती उद्या खरी होईल आणि सातबाऱ्यावर बोजा चढेल. शिकून झाल्यावर तिथे राहून नोकरी शोधायला मिळणारी मुदत आज दोन वर्षांची आहे. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना ती दीड वर्षच मिळणार आहे, आणि तू पुढच्या वर्षी गेलीस तर त्यातच येशील. एजंटाने हे सांगितलं होतं का? त्याला पैसे प्रवेश झाल्यावर मिळतात, तुला नोकरी लागल्यावर नाही. पुढेमागे परदेशात शिकावंसं वाटलं तर पूर्ण शिष्यवृत्ती मिळवून जा, तेव्हा मीच पाठीवर हात ठेवीन. आत्ता हे आगीतून उठून फुफाट्यात जाणं आहे.

तुझ्या सहा पानी पत्रात मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तू कंसात लिहिलं आहेस. अकादमीतली मुलं म्हणतात की मॅडमनी ७३वी घटनादुरुस्ती आमच्याच ग्रामपंचायतीच्या फलकावरून शिकवली, म्हणून डोक्यात बसली. तू गावच्या फलकाचा फोटो काढलास, त्यावरचा वित्त आयोगाचा निधी, ग्रामसभेची तारीख, महिला राखीव जागा यांच्यावर बोट ठेवत पोलीस भरतीच्या मुलांना घटना शिकवलीस. ते वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि चहा होईपर्यंत त्याच वर्गाचा विचार करत होते. तुझ्या सहा लाखांतून जे काही आलं आहे ते त्या तीन संध्याकाळीत आहे, आणि तू त्याला 'बाकी किरकोळ शिकवणं' म्हणतेस.

तिथे पैसेही आहेत, तू अजून मागितलेले नाहीस. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून मुलांची खरी अडचण वेगळी झाली आहे. पुस्तकं सगळ्यांकडे आहेत. लिहिलेलं उत्तर वाचून 'इथे घसरलास' असं मराठीत समजावून सांगणारं माणूस नाही. पुण्यात यासाठी पैसे मोजावे लागतात, तासगाव, विटा, इस्लामपूर, कऱ्हाडच्या मुलांना जवळपास कोणी नसतं. रविवारी सकाळी दहा मुलांची उत्तरं तपासायचं काम सुरू कर. सुरुवातीला महिन्याचे तीन-चार हजार सुटले तरी पुरेत, आणि तुझा स्वतःचा मुख्यचा अभ्यास त्यातच होतो. अकादमीच्या चालकांशीही बोल. महिन्याला ठोक पाच हजारांऐवजी तासाला किंवा बॅचला दर ठरवून घे. निकालाच्या फ्लेक्सवर ते तुझ्या विद्यार्थ्यांचे फोटो लावणार असतील, तर हे मागणं गैर नाही.

शिकवणं इतकं जमतंय तर पुढचं पाऊल सेट-नेट, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा. त्यातलं खरं-खोटं मात्र नीट समजून घे. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार मिळतात आणि कर्जाचं चित्रच बदलतं. खुल्या गटाला वयाची अट ३० आहे आणि महिलांना त्यात पाच वर्षांची सवलत आहे, म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे. हा अभ्यास आणि वैकल्पिक विषयाचा अभ्यास पुष्कळसा एकच आहे, म्हणून मी याला राज्यसेवेच्या बरोबरीने धरते. नुसती सेट निघाली तर मात्र 'प्राध्यापक झाले' असं समजू नकोस. बहुतेकांच्या वाट्याला आधी तासिका तत्त्व येतं. भरल्या तासांचे पैसे, आठवड्याला नऊ तास, सुट्टीत काही नाही, आणि बिलं कित्येकदा महिन्यांनी निघतात. हप्ता पाच तारखेला असताना असं उत्पन्न एकट्याने पुरत नाही, जोडीला ठीक आहे. आणि कोणी 'अमुक इतके लाख भरा, संस्थेत कायम करून घेतो' म्हणालं, तर उठून ये. त्या लाखांचा हप्ता कुठल्याच कागदावर नसतो, म्हणून तो जास्त जड असतो.

पतसंस्थेची नोकरी तुला कमीपणाची वाटते, ते पत्रभर दिसतं. मी त्या टेबलाच्या बाजूने सांगते: कर्जाचे कागद, थकबाकी, सभासदांची सभा, लेखापरीक्षण हे सगळं तू रोज हाताळतेस. सहकार ही आपल्या भागातली जिवंत राजकीय संस्था आहे, राज्यशास्त्राच्या मुलीने ती आतून बघणं वाया जात नाही. तरीही १५ हजार कमी आहेत. वर्ष झालं असेल तर वाढ माग. नाही मिळाली तर सामाजिक संस्थांमध्ये ग्रामपंचायत, महिला बचत गट, पाणी या विषयांवर काम करणाऱ्या जागा बघायला लाग. मुख्यमंत्री फेलोशिपची जाहिरात आली की अर्ज कर: जागा ६०, वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के आणि वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. तो अनुभव तुला याच पतसंस्थेने दिलाय. वय मात्र संपत आलंय, त्यामुळे जाहिरातीवर डोळा ठेव.

लग्नाबद्दल थोडंच लिहिते, पण जपून लिहिते. कर्ज लपवून लग्न करू नका, घरच्यांचा आग्रह असला तरी. पहिल्याच भेटीत मुलाला आकडा सांग: इतकं बाकी आहे, इतका हप्ता आहे, तो मी माझ्या कमाईतून भरते आणि लग्नानंतरही मीच भरणार. त्यावर जो उठून जाईल तो तुझ्या नोकरीवरही पुढे अडून बसला असता. जे घर हे शांतपणे ऐकून घेईल, तिथे निदान बोलता येईल. आणि 'आधी कर्ज फिटू दे, मग लग्न' असंही स्वतःला बांधून घेऊ नकोस. नऊ वर्षं कोणी थांबत नसतं, थांबायचं कारणही नाही.

या पत्रासारखी आणखी तीन पत्रं माझ्याकडे आहेत, सातारा, कोरेगाव आणि जतमधून, म्हणून अजून कर्ज न घेतलेल्यांसाठी दोन शब्द. राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र शिकायचं असेल तर बिनधास्त शिका, पण आधी सरकारी विद्यापीठाची फी बघा, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरची शिष्यवृत्ती बघा, आपापल्या प्रवर्गाप्रमाणे सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या योजना बघा. साताऱ्यात कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' रुजवलं, ते आजही काही कॉलेजांत चालू आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. खासगी विद्यापीठात जायचंच असेल तर दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या दहा जणांचे फोन नंबर मागा आणि त्यांना पगार विचारा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. कर्ज घेणार असाल तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत ती संस्था आहे का ते तपासा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत सुरुवातीला निवडक ८६० संस्था होत्या, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात तीन टक्के सवलत मिळते. आणि शिकत असतानाच व्याज भरता आलं तर भरा. हिच्या पहिल्या तीन लाखांचं व्याज महिन्याला २,६२५ होतं. ते तेव्हा जमलं असतं तर आज साडेसात लाखांवर हप्ता बसला नसता, आणि असं व्याज वेळेवर भरणाऱ्यांना बऱ्याच बँका दरातही एक टक्का सूट देतात.

तुला परत एकदा. बँकेत सोमवारी जाऊ नकोस, गर्दीत कोणी नीट ऐकत नाही. मंगळवारी किंवा बुधवारी अकराच्या आत जा. बरोबर पगाराची तीन महिन्यांची पावती, अकादमीच्या पैशांच्या नोंदी, कर्जखात्याचा उतारा आणि मुदत पंधरा वर्षं करण्याचा अर्ज घे, दोन प्रतींत. एका प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्यायला विसरू नकोस. थकलेले दोन हप्ते त्याच वेळी भर आणि हप्त्याची तारीख पगारानंतरची मागून घे. वडिलांची सही लागेल, म्हणून त्यांनाही ने. त्यांना बाकावर बसवून तू एकटीच आत जाऊ नकोस. टेबलापाशी शेजारच्या खुर्चीवर बसव, आणि तारणाचा प्रश्न त्यांच्यासमोर साहेबांना मोठ्याने विचार, म्हणजे उत्तर त्यांच्या कानावर पडेल.